एक फ्रेम, सहा संगणक

गेल्या वर्षी दसऱ्याच्या आठवड्यात पुण्यातील आमच्या छोट्या स्टुडिओत एका सराफी पेढीच्या जाहिरातीचे काम चालू होते. जाहिरात तीस सेकंदांची होती आणि सेकंदाला २५ फ्रेम्स, म्हणजे सुटी स्थिर चित्रे, या हिशेबाने एकूण ७५० फ्रेम्स तयार करायच्या होत्या. काळ्या पार्श्वभूमीवर सोन्याची धूळ उडते, त्या धुळीतून एक ठुशी साकार होते आणि बाराव्या सेकंदापासून तिच्याखाली पेढीची ओळ मराठीत उमटू लागते, एवढीच कल्पना होती. जाहिरात चित्रपटगृहांतही दाखवायची असल्यामुळे चित्राचा आकार ३८४० बाय २१६० पिक्सेल होता. ठुशी, धूळ आणि प्रकाश असे तीन थर ब्लेंडर या त्रिमितीय चित्रांच्या प्रोग्रॅममध्ये आधीच तयार झाले होते. ते आफ्टर इफेक्ट्स या थर जोडणाऱ्या प्रोग्रॅममध्ये एकत्र आणून त्यांवर चकाकी, धूसरपणा आणि अक्षरे चढवली, तेव्हा आमच्या सर्वांत चांगल्या संगणकालाही एका फ्रेमसाठी सुमारे चार मिनिटे लागू लागली. ७५० फ्रेम्सना तीन हजार मिनिटे, म्हणजे पन्नास तास. आमच्या हातात एक रात्र होती.

स्टुडिओत सहा संगणक होते. तीन रोजच्या कामाचे आणि तीन जुने, पडद्याविना एका कपाटात ठेवलेले. पन्नास भागिले सहा म्हणजे सुमारे साडेआठ तास, असा हिशेब करून आम्ही रात्री दहा वाजता सहाही संगणक एकाच प्रोजेक्टवर रेंडरला, म्हणजे अंतिम फ्रेम्स काढायला, लावले. सकाळी सात वाजता येऊन पाहिले तर फोल्डरमध्ये पावणेपाचशेच्या आसपास फ्रेम्स होत्या. तेवढे मी समजू शकत होतो. पण त्या फ्रेम्स ओळीने चालवून पाहिल्या, तेव्हा ठुशीवरची चकाकी मध्येच क्षणभर मंद होत होती आणि बाराव्या सेकंदानंतर अधूनमधून एखाद्या फ्रेममध्ये मराठी ओळीच्या जागी रोमन अक्षरांचा आणि चिन्हांचा अर्थहीन समूह दिसत होता. दुपारी बारा वाजता द्यायचे काम त्या दिवशी संध्याकाळी गेले. पेढीच्या मालकांनी समजून घेतले, याबद्दल मी त्यांचा ऋणी आहे. त्या सकाळपासून मी जे शिकलो ते नीट लिहून ठेवावे, असे अनेक दिवस मनात होते, कारण लहान स्टुडिओंमध्ये, लग्नाचे चित्रीकरण करणाऱ्या दुकानांमध्ये आणि महाविद्यालयांच्या प्रयोगशाळांमध्ये जुने संगणक पडून असतात आणि ते जोडून घ्यावेत हा विचार सगळ्यांच्याच मनात येतो.

मुळात हे काम वाटून घेता येते, याचे कारण चित्रपटाच्या घडणीतच आहे. रेंडर होत असताना तीनशेवी फ्रेम दोनशे नव्व्याण्णवाव्या फ्रेमवर सहसा अवलंबून नसते. प्रोजेक्टमध्ये प्रत्येक क्षणाचे वर्णन असते आणि त्या वर्णनावरून कोणतीही फ्रेम कोणत्याही क्रमाने काढता येते. १९९५ साली प्रदर्शित झालेल्या ‘टॉय स्टोरी’ या पूर्णपणे संगणकावर घडवलेल्या पहिल्या पूर्ण लांबीच्या चित्रपटासाठी पिक्सार या स्टुडिओने सन मायक्रोसिस्टिम्स कंपनीची ११७ यंत्रे रात्रंदिवस चालवली होती. त्या चित्रपटात १,१४,२४० फ्रेम्स होत्या आणि त्यांना यंत्रांचे एकूण आठ लाख तास लागले, म्हणजे एका फ्रेमला सरासरी सात तास. तेच काम एका यंत्रावर सोपवले असते तर सुमारे ९१ वर्षे लागली असती. आपल्या कपाटातील तीन जुन्या संगणकांचे तत्त्व अगदी तेच आहे.

या तत्त्वाचा पहिला परिणाम असा, की नेटवर्कवर रेंडर करताना थेट व्हिडिओ फाइल बनवता येत नाही. व्हिडिओ फाइल ही एक सलग वस्तू आहे; तिच्यात एका वेळी एकालाच लिहिता येते आणि मध्येच वीज गेली तर ती बहुधा अर्धवट राहते. म्हणून प्रत्येक फ्रेम स्वतंत्र चित्र म्हणून, क्रमांकासह लिहायची. ही इमेज सिक्वेन्सची पद्धत मी आता एका संगणकावर काम असले तरी सोडत नाही. शेवटच्या वीस फ्रेम्समध्ये चूक सापडली तर वीसच पुन्हा काढाव्या लागतात आणि रेंडर मध्येच थांबले तर झालेले काम जागेवर असते. आमच्या इमारतीत पावसाळ्यात वीज जाते, हे मुंबई-पुण्याबाहेरच्या मित्रांना सांगण्याची गरज नाही.

आता सहा संगणकांनी एकच फ्रेम काढू नये, यासाठी कोणीतरी वाटणी करायला हवी. याचा सर्वांत साधा उपाय मला फार सुंदर वाटतो, कारण त्यात वाटणी करणारा कोणी नसतोच. आफ्टर इफेक्ट्सच्या रेंडर सेटिंगमध्ये, आधीपासून असलेल्या फाइल्स वगळाव्यात, असा एक पर्याय आहे. तो चालू केला, की प्रत्येक संगणक नेटवर्कवरून सगळ्यांना दिसणाऱ्या सामाईक फोल्डरमध्ये पाहतो, ज्या क्रमांकाची फाइल नाही त्या क्रमांकाची रिकामी फाइल आधी तयार करून ती जागा राखतो आणि मग ती फ्रेम काढू लागतो. दुसरा संगणक तिथे पोचतो तेव्हा त्याला ती फाइल दिसते आणि तो पुढच्या क्रमांकाकडे जातो. एस.टी.त रुमाल टाकून जागा धरावी, तसे हे आहे. ब्लेंडरमध्येही तेच करता येते: जुन्या फाइलवर पुन्हा लिहिण्याचा पर्याय बंद करायचा आणि जागा राखणारी फाइल बनवण्याचा पर्याय चालू करायचा. वेगळे सॉफ्टवेअर नको, व्यवस्थापक नको, फक्त एक सामाईक फोल्डर हवा.

पण रुमाल टाकणारा माणूस आलाच नाही तर जागा रिकामी राहते. एखादा संगणक फ्रेम काढता काढता बंद पडला, तर त्याने राखलेली शून्य आकाराची फाइल तशीच उरते आणि बाकीचे सगळे तिला झालेली फ्रेम समजून पुढे जातात. म्हणून रेंडर संपल्यावर फोल्डरमधील फाइल्स आकारानुसार लावून पाहणे हा आमच्याकडे नियम आहे. शून्य आकाराच्या फाइल्स वरती गोळा होतात; त्या पुसायच्या आणि रेंडर पुन्हा चालू करायचे, की फक्त तेवढ्या जागा भरल्या जातात. शून्य नसलेल्या पण शेजाऱ्यांपेक्षा फारच लहान असलेल्या फाइल्सकडेही लक्ष द्यावे. त्यांत काही वेळा एखादा थर गळालेला असतो.

त्या सकाळच्या दोषांकडे आता येतो. दोन्ही दोषांचे मूळ एकच होते: सहा संगणक एकच प्रोजेक्ट उघडत होते, परंतु सहांना तो सारखा दिसत नव्हता.

प्रोजेक्ट फाइलमध्ये चित्र नसते. तिच्यात फक्त पत्ते आणि नावे असतात. अमुक चित्रे अमुक फोल्डरमधून घ्या, अमुक नावाचा फॉन्ट वापरा, अमुक प्लगइन, म्हणजे प्रोग्रॅमला वेगळा जोडलेला प्रभाव, अमुक आकड्यांनी चालवा, असे ते सांगणे असते. ज्या संगणकावर प्रोजेक्ट बनला तिथे हे सगळे उपलब्ध असते, म्हणून आपल्याला त्या सांगण्याचे अस्तित्वच जाणवत नाही. दुसऱ्या संगणकावर त्यातील एक जरी वस्तू नसली, तरी बहुतेक वेळा रेंडर थांबत नाही, आणि हीच खरी अडचण आहे. थांबले असते तर आपल्याला कळले असते. चित्रांचा पत्ता सापडला नाही तर आफ्टर इफेक्ट्स त्या जागी रंगीत पट्टे दाखवतो, जे निदान दुरून ओळखू येतात. फॉन्ट सापडला नाही तर दुसरा फॉन्ट घेतला जातो. प्लगइन सापडले नाही तर तो प्रभाव वगळून फ्रेम पुढे निघते. आणि प्लगइन असते पण आवृत्ती जुनी असते, तेव्हा चित्र जवळजवळ बरोबर निघते.

चकाकी मंद होण्याचे कारण हे ‘जवळजवळ बरोबर’ होते. कपाटातील एका संगणकावर चकाकीचे प्लगइन दोन वर्षांपूर्वी बसवलेले होते आणि नंतरच्या आवृत्तीत त्याचे प्रकाशाचे गणित बदललेले होते. त्या संगणकाची एखादी फ्रेम सुटी पाहिली असती तर मला काहीच वावगे दिसले नसते. ती फ्रेम तिच्या शेजारणींमध्ये बसली, की दर नवव्या-दहाव्या फ्रेमला डोळ्यांना एक लहानसा धक्का बसत होता. हलत्या चित्रातील असा चढउतार डोळा चटकन पकडतो. स्थिर चित्रात तोच फरक त्याच्या हाती लागत नाही.

अक्षरांची गोष्ट आपल्या भाषेची आहे, म्हणून तिच्यावर थोडे थांबतो. पेढीची ओळ त्यांच्या जुन्या पाटीवरच्या वळणाची हवी होती आणि ते वळण युनिकोड या सर्व लिप्यांच्या सामाईक संकेतपद्धतीच्या आधीच्या काळातील एका मराठी फॉन्टमध्येच उपलब्ध होते. अशा फॉन्टमध्ये संगणकाच्या दृष्टीने मजकूर मराठी नसतोच. रोमन अक्षरे आणि चिन्हे लिहिलेली असतात आणि त्या अक्षरांच्या जागी फॉन्टने देवनागरीची चित्रे बसवलेली असतात. तो फॉन्ट ज्या संगणकावर नाही तिथे मुखवटा गळून पडतो आणि खालची रोमन चिन्हे उघडी पडतात. एका जुन्या संगणकावर नेमका तोच फॉन्ट बसवायचा राहिला होता.

एका अर्थी हा दोष सोपा, कारण तो कोणालाही दिसतो. युनिकोड फॉन्टच्या बाबतीत प्रकार अधिक बारीक होतो. तिथे फॉन्ट नसला, तर यंत्रावरचा दुसरा देवनागरी फॉन्ट घेतला जातो आणि ओळ वाचता येते. फक्त पाकळीच्या ‘ल’च्या आणि देठाच्या ‘श’च्या जागी हिंदी वळणाचे ‘ल’ आणि ‘श’ येतात, जोडाक्षरांची मांडणी बदलते आणि ओळीची लांबी दोन-चार पिक्सेलनी सरकते. मराठी न वाचणाऱ्या तंत्रज्ञाच्या डोळ्यांतून ते निसटणारच. म्हणून आता अक्षरांची ओळ पक्की झाली, की आम्ही तिचे आकारांमध्ये रूपांतर करतो, म्हणजे ती मजकूर न राहता रेषाकृती होते आणि कोणत्याही फॉन्टवर अवलंबून राहत नाही. मूळ मजकुराचा थर बंद करून प्रोजेक्टमध्येच ठेवतो, कारण शुद्धलेखनाची दुरुस्ती नेहमी शेवटच्या दिवशी येते.

बिघडलेल्या फ्रेम्स शोधण्यातही वेळ गेला. फाइलच्या नावावरून ती कोणत्या संगणकाने काढली ते कळत नाही. आफ्टर इफेक्ट्सचे पडद्याविना चालणारे रेंडर, ज्याला एई-रेंडर म्हणतात, ते प्रत्येक फ्रेम पूर्ण झाल्यावर तिचा क्रमांक आणि लागलेला वेळ लिहीत असते. ते लिखाण आम्ही कुठे साठवलेच नव्हते. त्यामुळे पन्नासेक फ्रेम्स चकाकीच्या आणि सतरा फ्रेम्स अक्षरांच्या, अशा आम्ही दोघांनी डोळ्यांनी वेचून काढल्या. आता प्रत्येक संगणक आपल्या नावाच्या मजकूर-फाइलमध्ये हे सगळे नोंदवतो. एखाद्या यंत्रात दोष सापडला, तर त्याने काढलेल्या फ्रेम्सची यादी मिनिटभरात मिळते.

त्यानंतर आम्ही एक चाचणी सुरू केली आणि माझ्या मते या सगळ्या लेखातील सर्वांत उपयोगाची गोष्ट तीच आहे. रेंडर सुरू करण्यापूर्वी प्रोजेक्टमधील एकच फ्रेम निवडायची, शक्यतो जिथे अक्षरे, चकाकी, धूळ असे सगळे एकाच वेळी दिसते ती, आणि ती फ्रेम सहाही संगणकांवर वेगवेगळ्या फाइल्समध्ये काढायची. मग त्या सहा चित्रांपैकी दोन-दोन एकमेकांवर ठेवून वरच्या थराचा ब्लेंडिंग मोड, म्हणजे खालच्या थरात मिसळण्याची पद्धत, ‘डिफरन्स’ करायचा. या पद्धतीत प्रत्येक पिक्सेलच्या जागी दोन्ही चित्रांतील फरक दिसतो. चित्रे एकसारखी असतील तर पडदा पूर्ण काळा राहतो. डोळ्याला काळा वाटला तरी तिथे थांबू नये. वर एक्स्पोजर, म्हणजे उजळपणा, पाच-सहा पायऱ्यांनी वाढवावे, म्हणजे लपलेला फरक धुरासारखा वर येतो. चकाकीच्या त्या जुन्या प्लगइनचा फरक याच पद्धतीने पाहिला, तेव्हा काळ्या पडद्यावर ठुशीच्या मण्यांची आख्खी माळ उमटली होती. आदल्या रात्री ही पंधरा-वीस मिनिटे दिली असती, तर दुसरा दिवस वाचला असता.

दोन फाइल्सची संगणकीय बेरीज, म्हणजे चेकसम, जुळवून पाहावी असे कोणी सुचवेल. तिच्यावर विसंबू नये. अनेक प्रोग्रॅम चित्राच्या फाइलमध्ये तारीख, रेंडरला लागलेला वेळ यांसारखी माहितीही लिहितात. ब्लेंडर तर ती आपणहून लिहितो. त्यामुळे चित्र तंतोतंत सारखे असूनही फाइल्स वेगळ्या ठरतात. तुलना पिक्सेलचीच व्हायला हवी.

या चाचणीने आम्हाला आणखी एक गोष्ट दाखवली. काही संगणक ग्राफिक्स कार्डावर हिशेब करत होते आणि काही मुख्य प्रोसेसरवर. अपूर्णांकांचे हिशेब दोन्हीकडे शेवटच्या अंकांपर्यंत सारखे येतीलच असे नसते आणि काही प्रभावांमध्ये हा फरक वाढत जाऊन दिसण्याइतका होतो. म्हणून ज्या रात्री जुनी यंत्रे सामील असतात, त्या रात्री आम्ही प्रोजेक्टच्या सेटिंगमध्ये सगळ्यांनाच प्रोसेसरवर ठेवतो. वेग कमी होतो; ते मला मान्य आहे.

पत्त्यांबद्दल थोडक्यात. सामाईक फोल्डरला प्रत्येक संगणकावर ‘झेड ड्राइव्ह’ सारखे अक्षर देण्याची सवय असते. हे अक्षर त्या यंत्राचे नसते, त्यावर लॉगिन केलेल्या माणसाच्या सत्राचे असते. रेंडरचा प्रोग्रॅम पार्श्वभूमीत सेवा म्हणून चालत असेल, तर त्याला ते अक्षर दिसतच नाही आणि आपण समोर बसून तपासले तर सगळे ठीक दिसते. हा गोंधळ आम्हाला फार दिवस उमगला नव्हता. दोन उलट्या तिरप्या रेघा आणि सर्व्हरचे नाव यांनी सुरू होणारा पूर्ण पत्ता वापरला, की प्रश्न मिटतो. काम पाठवण्यापूर्वी आफ्टर इफेक्ट्सची ‘कलेक्ट फाइल्स’ ही आज्ञा चालवली, तर प्रोजेक्टला लागणाऱ्या सगळ्या चित्रफिती एका फोल्डरमध्ये गोळा होतात आणि कोणते फॉन्ट व कोणते प्रभाव वापरले आहेत त्यांची यादीही तयार होते. ती यादी वाचावी.

धुळीच्या बाबतीत आम्ही त्या रात्री वाचलो, कारण तो धडा आधीच्या एका कामात मिळालेला होता. प्रत्येक फ्रेम स्वतंत्र असते, हे मी वर लिहिले त्याला एक मोठा अपवाद आहे. धूर, पाणी, कापड आणि कणांची उधळण यांचे अनुकरण, म्हणजे सिम्युलेशन, मागच्या क्षणावर पुढचा क्षण रचत जाते. तीनशेव्या फ्रेममधील धुळीचा कण कुठे आहे, हे दोनशे नव्व्याण्णव फ्रेम्स क्रमाने पार केल्याशिवाय ठरत नाही. असे काम सहा संगणकांना वाटले, तर प्रत्येक जण एक तर मागचा सगळा हिशेब पुन्हा करतो किंवा हिशेब न करताच मध्ये उडी घेतो आणि धूळ दर फ्रेमला वेगळीकडे दिसते. यावर उपाय एकच: हा भाग आधी एका संगणकावर सुरुवातीपासून शेवटपर्यंत चालवून त्याचा निकाल डिस्कवर साठवायचा. ब्लेंडरमध्ये याला ‘बेक’ करणे म्हणतात. कणांसाठी डिस्क कॅशेचा, म्हणजे हिशेब डिस्कवर साठवण्याचा, पर्याय निवडला की प्रोजेक्ट फाइलच्या शेजारीच त्या कॅशेचा फोल्डर तयार होतो, आणि तो फोल्डर सामाईक जागेत असेल तर बाकीचे संगणक हिशेब न करता फक्त वाचतात. साठवलेल्या हिशेबावरून फ्रेम्स पुन्हा स्वतंत्र होतात आणि वाटणी शक्य होते. बेकला एका संगणकाची आख्खी दुपार जाते. ती वाचवण्याचा मार्ग मला माहीत नाही आणि मी तो शोधतही नाही.

आता वेळेचा हिशेब. पन्नास तासांचे साडेआठ तास का झाले नाहीत? सहा संगणक म्हणजे सहा सारखे हात नव्हेत. आमचे पहिले तीन एका फ्रेमला चार, पाच आणि सहा मिनिटे घेत होते. कपाटातील तिघांपैकी एकाला दहा आणि दोघांना प्रत्येकी बारा मिनिटे लागत होती. तासाला पंधरा, बारा, दहा, सहा, पाच आणि पाच, अशा मिळून ५३ फ्रेम्स. एकट्या चांगल्या संगणकाच्या पंधरांशी तुलना केली, तर सहा जणांचे बळ साडेतीन जणांएवढे भरते आणि पन्नास तासांचे काम चौदा तासांवर येते. हे गणित मी कागदावर आधी केले असते, तर रेंडर सकाळी साडेसहाला संपेल असे धरले नसते. संगणक मोजू नयेत, तासाला किती फ्रेम्स निघतात ते मोजावे.

फ्रेम्सचे गट करून वाटणाऱ्या पद्धतीत आणखी एक गाठ असते. प्रत्येक वेळी प्रोग्रॅम सुरू होऊन प्रोजेक्ट उघडण्यात मिनिट-दोन मिनिटे जातात, म्हणून एकेका फ्रेमऐवजी दहा-वीस फ्रेम्सचा गट एका संगणकाला द्यावासा वाटतो. पण शेवटचा दहा फ्रेम्सचा गट बारा मिनिटेवाल्या संगणकाकडे गेला, तर त्याला दोन तास लागतात आणि तेवढा वेळ बाकीचे पाच जण नुसते बसून राहतात. जड फ्रेम्सना लहान गट आणि हलक्या फ्रेम्सना मोठे गट द्यावेत, हा नियम आम्ही अनुभवाने बसवला. आमच्या आकाराच्या कामाला तीन-चार फ्रेम्सचा गट पुरतो.

नेटवर्कचा वेग कधी महत्त्वाचा ठरतो आणि कधी नाही, यावर आमच्याकडे पुष्कळ चर्चा झाली आहे. या जाहिरातीतील एका थराचे एक चित्र, दाबून लहान न करता, सोळा बिटांच्या चार चॅनेलमध्ये सुमारे ६६ मेगाबाइटचे होते. तीन थरांचे मिळून एका फ्रेमसाठी २०० मेगाबाइट वाचावे लागत. तासाला ५३ फ्रेम्स म्हणजे सेकंदाला फक्त तीन मेगाबाइट. साधे गिगाबिट नेटवर्क प्रत्यक्षात सेकंदाला एकशे दहाच्या आसपास मेगाबाइट वाहून नेते, त्यामुळे इथे त्याला काहीच त्रास नाही. परंतु हेच थर वापरून केवळ रंग बदलायचे काम असेल आणि प्रत्येक संगणक तीन सेकंदांत एक फ्रेम काढत असेल, तर सहा जण मिळून सेकंदाला ४०० मेगाबाइट मागतील. तिथे संगणक वाढवून काही मिळणार नाही. सगळे जण एकाच नळाखाली घागर घेऊन उभे राहतील. हलके काम एका चांगल्या संगणकावर, त्याच्या स्वतःच्या डिस्कवरून करावे, आणि जड कामच नेटवर्कवर न्यावे, असे माझे स्पष्ट मत आहे.

अशाच एका हलक्या कामात कपाटातील एक संगणक फारच मागे पडत होता. आम्ही त्याची मेमरी पाहिली, डिस्क पाहिली, सॉफ्टवेअर पुन्हा बसवले. शेवटी आमच्याकडे वायरिंगचे काम करणारे काका आले आणि त्यांनी विचारले, “साहेब, वायर बघितली का आधी?” नेटवर्कच्या केबलमध्ये तारांच्या चार जोड्या असतात. गिगाबिट वेगाला चारही लागतात. शंभर मेगाबिटला दोन पुरतात. कपाटाच्या दारात चेपून एक जोडी तुटली होती आणि जोडणी न तुटता गुपचूप दहापट मंद झाली होती. सेकंदाला अकरा-बारा मेगाबाइटने २०० मेगाबाइट यायला सतरा-अठरा सेकंद लागतात. चार मिनिटांच्या फ्रेममध्ये ते कोणाला कळतही नाही, तीन सेकंदांच्या फ्रेममध्ये मात्र काम जागेवरच थांबते. नवीन केबल लावली आणि काकांचा प्रश्न मी भिंतीवर लिहून ठेवला.

हे सगळे हाताने सांभाळणे सहा संगणकांपर्यंत ठीक आहे. संख्या वाढली किंवा एका रात्री तीन कामे आली, की व्यवस्थापक लागतो. आम्ही ब्लेंडरच्या कामांसाठी फ्लेमेन्को वापरतो. तो मुक्त आणि विनामूल्य आहे. एका संगणकावर त्याचा मॅनेजर आणि बाकीच्यांवर वर्कर चालतात, ब्राउझरमध्ये सगळ्यांची स्थिती दिसते आणि दिवसा माणसे काम करत असताना ठरावीक वेळी वर्करला झोपवता येते. मोठ्या स्टुडिओंच्या पद्धतीचे ओपन-क्यू हे व्यवस्थापनही खुले आहे. सोनी पिक्चर्स इमेजवर्क्स आणि गूगल यांनी ते २०१९ मध्ये सर्वांसाठी उपलब्ध केले. आमच्या आकाराला ते जड पडते. व्यवस्थापक कोणताही असला, तरी फॉन्ट, प्लगइन आणि पत्ते यांची जबाबदारी तो घेत नाही, त्यामुळे एका फ्रेमची ती चाचणी आम्ही त्याच्यासोबतही करतोच.

सगळ्या फ्रेम्स हातात आल्यावर त्यांची फिल्म करताना एक शेवटची जागा सांभाळावी लागते. चित्रांच्या मालिकेत सेकंदाला किती फ्रेम्स, ही माहिती सहसा नसते. ती उघडणारा प्रोग्रॅम ठरवतो. आफ्टर इफेक्ट्स अशी मालिका आत घेताना, आपण बदलले नसेल तर, सेकंदाला ३० फ्रेम्स धरतो, तर एफएफएमपेग हा व्हिडिओ रूपांतराचा प्रोग्रॅम २५ धरतो. आमच्या ७५० फ्रेम्स ३०च्या हिशेबाने चालवल्या, तर तीस सेकंदांची जाहिरात पंचवीस सेकंदांत संपते आणि तिच्यासोबतचे सनईचे सूर पाच सेकंद एकटेच वाजत राहतात. त्या संध्याकाळी मालिका आत घेतल्यावर आम्ही आधी तो आकडा २५ केला, सनई खाली जोडली, पहिल्यापासून शेवटपर्यंत दोनदा थांबून थांबून पाहिली आणि मग पेढीत फोन केला.